सारखेपणा हा पुरावा नव्हे

इंडो-युरोपीय भाषांचा ऐतिहासिक अभ्यास करण्यासाठी विद्यापीठात दाखल होणारा विद्यार्थी बहुधा संस्कृत पितृ, लॅटिन पातेर आणि जर्मन फाटर यांच्यातील साम्याने भारावलेला असतो, आणि पहिल्याच सत्रात त्याला शिकवले जाते ते हे की नुसत्या साम्याने काहीही सिद्ध होत नाही. लॅटिनमध्ये देवाला देउस म्हणतात व ग्रीकमध्ये थेऑस. अर्थ एक, रूपही जवळचे, तरीही या दोन शब्दांचे एकमेकांशी नाते नाही. देउसचा सगोत्र शब्द संस्कृत देव हा आहे, आणि त्याच घराण्यातील ग्रीक शब्द म्हणजे झेउस हे देवराजाचे नाव होय. याउलट आर्मेनियन भाषेतील ‘दोन’ या अर्थाचा एर्कु हा शब्द संस्कृत द्वौ या रूपाशी जुळणारा वाटत नाही, पण दोन्ही एकाच मूळ शब्दापासून आले आहेत, कारण मूळच्या द्व-च्या जागी आर्मेनियनमध्ये एर्क- आल्याचे इतर शब्दांतही दिसते. एका भाषेतील विशिष्ट ध्वनीच्या जागी दुसऱ्या भाषेत ठरावीक ध्वनी पुनःपुन्हा आढळणे, म्हणजेच नियमित ध्वनिसंबंध, हाच या शास्त्रातील ग्राह्य पुरावा. आणि अशा संबंधांवरून लुप्त झालेल्या मूळ भाषेची रूपे अनुमानाने उभी करण्याच्या रीतीला तुलनात्मक पद्धती म्हणतात. अशा अनुमानित रूपाआधी तारकाचिन्ह घालण्याचा प्रघात आहे, ज्यायोगे हे रूप कोठेही लिहिलेले सापडलेले नाही याची वाचकाला सतत आठवण राहते.

या विचाराची सुरुवात सांगताना विल्यम जोन्स यांच्या १७८६ मधील कलकत्त्याच्या व्याख्यानाचा उल्लेख हमखास केला जातो, आणि संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचा उगम एखाद्या समान, कदाचित आता नष्ट झालेल्या भाषेत असावा हे त्यांचे अनुमान महत्त्वाचे होते यात शंका नाही. पण अनुमानाला शास्त्राचे रूप आले ते जर्मन विद्यापीठांत. फ्रान्ट्स बॉप यांनी १८१६ मध्ये संस्कृत क्रियापदांच्या रूपांची ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मानिक भाषांतील रूपांशी पद्धतशीर तुलना केली आणि १८२१ पासून बर्लिन विद्यापीठात ते हा विषय शिकवू लागले. पुढील वर्षी याकोब ग्रिम यांनी दाखवून दिले की जर्मन, इंग्रजी, गॉथिक ज्या जर्मानिक शाखेत मोडतात तिच्यात मूळच्या प्, त्, क् यांचे अनुक्रमे फ्, थ् (जिभेचे टोक दातांशी घासून होणारा) आणि ह् झाले. अडचण अशी होती की या नियमाला अपवाद पुष्कळ होते, आणि तेही रोजच्या वापरातील शब्दांत. संस्कृत भ्रातृ आणि पितृ या दोन्ही शब्दांत त् आहे. गॉथिकमध्ये मात्र भावाला ब्रोथर, तर पित्याला फादार म्हणतात, म्हणजे एकीकडे अपेक्षित थ् आणि दुसरीकडे अनपेक्षित द्.

हा पेच कार्ल व्हेर्नर या डॅनिश अभ्यासकाने सोडवला आणि त्यासाठी त्याला वेदांकडे वळावे लागले. वैदिक संस्कृतात शब्दातील एका अक्षरावर उदात्त, म्हणजे उंच सुरातील उच्चार असे: भ्राता या रूपात तो पहिल्या अक्षरावर, पिता या रूपात दुसऱ्यावर. व्हेर्नरच्या ध्यानात आले की ज्या व्यंजनाच्या लगेच आधीच्या अक्षरावर मुळात उदात्त होता तेथे जर्मानिकमध्ये अपेक्षित थ् टिकला, आणि उदात्त अन्यत्र होता तेथे तो घोष झाला. पुढे जर्मानिक भाषांनी हा सूर पार गमावला, त्यामुळे जर्मन शब्दांकडे पाहून कारण कोणालाही कळले नसते; ते कळले, कारण वेदपाठकांनी पाठांतराच्या शिस्तीतून उदात्ताची जागा जपली होती. १८७७ मध्ये छापल्या गेलेल्या व्हेर्नरच्या लेखाने, अपवाद म्हणून बाजूला सारलेल्या गोष्टींतच नियम दडलेला असू शकतो, हा विश्वास दृढ केला. लाइप्‌झिग विद्यापीठात आउगुस्ट लेस्कीन यांच्याभोवती जमलेल्या तरुणांनी, विशेषतः कार्ल ब्रुगमान व हेरमान ऑस्टहॉफ यांनी, १८७८ मध्ये ध्वनिपरिवर्तनाचे नियम अपवादरहित असतात असे जाहीर केले. नियमात न बसणाऱ्या रूपांचा उलगडा ते सादृश्याने, म्हणजे बोलणाऱ्यांनी एका रूपाच्या साच्यावर दुसरे रूप घडवण्याच्या प्रवृत्तीने करत. हे विधान अतिरेकी असल्याचा आक्षेप तेव्हाही घेतला गेला, आणि तो सर्वस्वी चुकीचा नाही. तथापि कामाची शिस्त म्हणून याहून उपयुक्त अतिरेक या शास्त्राला दुसरा लाभलेला नाही.

भारतीय विद्यार्थ्याला सर्वांत जड जाणारा धडा मात्र स्वरांचा. संस्कृत ही या सर्व भाषांची जननी नसून भगिनी आहे, हे वाक्य तो पाठ करतो, पण त्याचा पुरावा अ या स्वरात आहे. ग्रीक व लॅटिनमध्ये अ, ए, ओ हे तीन ऱ्हस्व स्वर वेगळे आहेत. संस्कृतात त्या तिन्हींच्या जागी एकटा अ सापडतो. सुरुवातीला संस्कृतातील स्थितीच मूळची मानली जात असे. परंतु ‘आणि’ या अर्थाचा संस्कृत च लॅटिनमध्ये क्वे असा, तर ग्रीकमध्ये ते असा आढळतो, आणि मूळच्या क-वर्गीय ध्वनीचा संस्कृतात तालव्य च् व्हावा यासाठी त्यापुढे कधीकाळी ए असणे आवश्यक होते. चकार या रूपात पहिल्या अक्षरात च् आणि दुसऱ्यात क् का, याचे उत्तरही हेच: पहिल्यापुढे ए होता, दुसऱ्यापुढे ओ. दोन्ही स्वर नाहीसे झाले तरी त्यांचा ठसा व्यंजनांवर उरला. मराठी भाषकाला हे समजून घेण्यासाठी दूर जावे लागत नाही, कारण चिमणी, चेंडू यांतला च आणि चाक, चोर यांतला च हे उच्चाराने वेगळे आहेत, आणि मराठीतही इ, ए यांच्यापुढे तालव्य च येतो.

याच लाइप्‌झिगमध्ये शिकणाऱ्या फेर्दिनां द सोस्यूर यांनी वयाच्या एकविसाव्या वर्षी त्याहूनही धाडसी तर्क केला: मूळ भाषेतील अनेक दीर्घ स्वर हे ऱ्हस्व स्वर आणि पुढे लोपलेला एखादा ध्वनी यांच्या संयोगातून झाले आहेत. तो ध्वनी कोणत्याही ज्ञात भाषेत नव्हता. १९१५ मध्ये बेडर्झिख ह्रोझनी यांनी अनातोलियातील मृत्तिकापट्टिकांवरील हित्ती भाषा इंडो-युरोपीय असल्याचे दाखवले, आणि १९२७ मध्ये येर्झी कुरिलोविच यांनी हित्तीतील घर्षक ह् हा सोस्यूर यांच्या लुप्त ध्वनीच्या जागी येतो हे लक्षात आणून दिले. संस्कृत पा, म्हणजे रक्षण करणे, या धातूतील दीर्घ आकाराचे कारण हित्ती पाह्स- या रूपात असे प्रत्यक्ष दिसते.

म्हणूनच लायडन, व्हिएन्ना किंवा कोपनहेगन येथे हा विषय घेणाऱ्याला एकेका भाषेत प्रावीण्य मिळवण्याइतकी सवड नसते; संस्कृत, ग्रीक, लॅटिन हा पाया, त्यावर हित्ती, गॉथिक, प्राचीन आयरिश, प्राचीन स्लाव्ह, लिथुआनियन, तोखारी यांपैकी काही, आणि प्रत्येकीत व्याकरण घेऊन लगेच मूळ उतारे. वर्ग लहान, नोकऱ्या थोड्या. जर्मनीत या विषयाची गणना छोट्या विद्याशाखांत होते.

महाराष्ट्राचा या परंपरेशी संबंध जुना आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी मुंबई विद्यापीठात १८७७ मध्ये दिलेली विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्याने संस्कृत, प्राकृत आणि आधुनिक भाषा यांना एका सलग इतिहासात बसवतात. फ्रेंच अभ्यासक झ्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवर लिहिलेला ग्रंथ १९२० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांच्या अनुवादामुळे तो मराठीतही आला. सप्त, सत्त, सात किंवा भक्त, भत्त, भात या साखळीत जोडाक्षर आधी द्वित्त झाले व मग एकेरी होऊन मागचा स्वर दीर्घ झाला, हा नियम मराठीच्या शेकडो शब्दांना लागू पडतो. आणि भक्त हा संस्कृत शब्द पुन्हा जसाच्या तसा घेतला गेल्यामुळे भक्त व भात ही दोन्ही रूपे मराठीत आज शेजारी नांदतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात सुमित्र मंगेश कत्रे यांनी कोकणीच्या घडणीचा अभ्यास केला आणि संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचे काम १९४८ मध्ये सुरू केले. १९५४ पासून तेथे भरलेल्या भाषाविज्ञानाच्या वर्गांत भारतीय भाषाशास्त्रज्ञांची एक पिढी तयार झाली, मात्र तिचा भर वर्णनात्मक अभ्यासाकडे, म्हणजे आजची बोली जशी आहे तशी नोंदवण्याकडे होता, आणि पुढे हा कल वाढतच गेला. ब्लॉक यांच्यानंतर मराठी शिलालेख, महानुभाव ग्रंथ आणि बोली यांविषयी जी सामग्री उजेडात आली आहे, तिच्या आधारे मराठीचे ध्वनिनियम नव्याने तपासण्याचे काम बरेचसे बाकी आहे.