रशियन ‘वेदात्’ आणि आपला ‘वेद’

आद्य स्लाव्ह भाषेत ‘जाणणे’ या अर्थाचे क्रियापद होते *वेदेति. शब्दामागची चांदणी ‘लेखी पुरावा नाही’ असे सांगते, ‘मनाने रचले’ असे नव्हे. लेकी-भाषांची रूपे नियमाने मागे नेली की हे रूप हाती लागते. रशियन ‘वेदात्’ त्यातूनच आले, आणि ‘वेद्मा’ही. वेद्मा म्हणजे चेटकीण, मूळ अर्थ ‘जाणती’.

एवढे कानावर पडले की आपल्याकडे निकाल तयार असतो: रशियन ही संस्कृतचीच लेक! साम्य खरे, निकाल चूक. संस्कृतात मूळच्या ऱ्हस्व ए, ओ आणि अ या तिघांचा मिळून एकच ‘अ’ झाला. म्हणून दश आणि नक्त, दोन्हींत अ. रशियनमध्ये मात्र ‘देस्यात्’ आणि ‘नोच’. लॅटिनमध्येही ‘देकेम’ आणि ‘नोक्स’. रशियन संस्कृतातून निघाली असेल, तर कुठल्या ‘अ’चा ए करायचा आणि कुठल्याचा ओ, हे तिला सांगितले कोणी? आणि तेही नेमके लॅटिनशी जुळेल असे?

‘वेद’मधला ए देखील मूळचा नव्हे. तो ‘ओइ’चा झालेला, ग्रीक ‘ओइदा’त, म्हणजे ‘मी जाणतो’त, तो जुना स्वर शाबूत आहे. धातूचा मूळ अर्थ ‘पाहणे’. पाहिले आहे, म्हणून ठाऊक आहे. त्यामुळे संस्कृत ‘वेद’ हे क्रियापद म्हणून घडणीने लिट् (परोक्ष भूतकाळ), पण अर्थाने वर्तमान, आणि ‘ददर्श’सारखे द्वित्व त्यात नाही. पाणिनीने ते ‘वेत्ति’ला पर्याय म्हणून दिले आहे. ग्रीक रूपातही द्वित्व नाही, आणि प्राचीन चर्च स्लाव्होनिकमधले ‘वेदे’ (मी जाणतो) याच जुन्या घडणीचा अवशेष. शब्द उसना घेता येतो. असली आडवळणी रूपे वारशानेच येतात. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एकच, आणि तो कदाचित आज अस्तित्वात नसलेला, असे विल्यम जोन्सने कलकत्त्यात १७८६ साली मांडले होते. मावशीला आई म्हणण्याची हौस तरीही फिटत नाही.

‘वेद’ दिसेल तिथे ज्ञान शोधणेही फसवे. अस्वलाला रशियनमध्ये ‘मेद्वेद’ म्हणतात आणि त्याचा अर्थ ‘मध जाणणारा’ असा सांगितला जातो. खरी फोड ‘मेदु’ अधिक ‘एद्’, म्हणजे मध खाणारा. पुढे स्वर आल्याने उ चा व् झाला, शाळेतल्या यण् संधीसारखाच. ऋग्वेदातला ‘मध्वद’ नेमका याच घडणीचा, फक्त तिथे तो पक्ष्यांना लावला आहे.