बालकांची ढाल

न्यायशास्त्रांत शब्द हें प्रमाण मानलें आहे. पण बोलणारा आप्त असावा, म्हणजे विषय जाणणारा व जाणला तसाच सांगणारा असावा, अशी अट आहे. जाहीर वादांत मात्र कोणीं मुलाबाळांचें नांव काढलें कीं ही अट विसरली जाते, कारण प्रतिप्रश्न करणारा निर्दय ठरतो.

१९९० च्या ऑगस्टांत इराकनें कुवेत बळकावलें. १० ऑक्टोबर रोजीं वॉशिंग्टन येथें काँग्रेस-सभासदांच्या मानवी हक्क मंडळापुढें १५ वर्षांच्या एका मुलीनें रडत सांगितलें कीं, इराकी शिपायांनीं रुग्णालयांतील तान्हीं बालकें उबेच्या पेट्यांतून काढून थंड जमिनीवर टाकलीं. तिचें पूर्ण नांव गुप्त ठेविलें होतें. अध्यक्ष बुश यांनीं ही कथा अनेकदां सांगितली, कांहीं सिनेटरांनींही तिचा दाखला दिला. आणि १२ जानेवारी १९९१ रोजीं सिनेटनें युद्धास ५२ विरुद्ध ४७ मतांनीं संमति दिली. १९९२ च्या जानेवारींत उघड झालें कीं, मुलगी कुवेतच्या अमेरिकेंतील राजदूताची कन्या होती, आणि तिच्या साक्षीमागें कुवेत सरकारच्या पैशावर काम करणारी प्रचार-कंपनी होती. युद्धोत्तर चौकशींत पेट्यांच्या कथेस विश्वसनीय पुरावा मिळाला नाहीं. कुवेतवरील आक्रमण तर सर्वांसमक्ष घडलें होतें. त्यास या कथेची जोड कशाला हवी होती?

मग वादांत बालकांचें नांव काढूंच नये काय? तसें नाहीं. १८४२ सालीं ब्रिटनमध्यें सरकारी आयोगानें कोळशाच्या खाणींतील मुलांच्या जबान्या सचित्र अहवालांत प्रसिद्ध केल्या. लोक हळहळले, आणि त्याच वर्षीं स्त्रियांस व दहा वर्षांखालील मुलग्यांस जमिनीखालीं कामास लावणें कायद्यानें बंद झालें. भावनेस आवाहन तेथेंही होतें; परंतु मुलें खरीं होतीं, आणि मागितलेला उपाय त्यांच्याच दुःखावरचा होता.

आज मोबाइलवर रडत्या बालकाचें चित्र येतें आणि क्षणांत घरभर फिरतें. तें पुढें धाडण्यापूर्वीं वडीलधाऱ्यांनीं तीन प्रश्न करावे: हें मूल कोणतें? सांगणाऱ्यानें स्वतः पाहिलें काय, व त्याचा स्वार्थ काय? सुचविलेल्या उपायानें या मुलाचें दुःख हटेल काय? असे प्रश्न करणें ही निर्दयता नव्हे. एक खोटी कथा उघडी पडली कीं, पुढें खऱ्या बालकाच्या आक्रोशावरही कोणी विश्वास ठेवीत नाहीं. आणि त्याचें मोल तें बालक देतें.