घरातली सर्दी आणि बदललेले फुप्फुस

१९६३ साली अमेरिकेत डॉ. जेम्स हार्डी यांनी माणसाचे फुप्फुस प्रथम बदलले. रोगी १८ दिवस जगला. १९८३ साली कॅनडात टोरांटोला डॉ. जोएल कूपर यांनी फुप्फुस बदललेला रोगी मात्र सहा वर्षांहून अधिक जगला.

असा माणूस तुमच्या घरी किंवा भावकीत असेल, तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. परके फुप्फुस शरीराने नाकारू नये म्हणून त्याला प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे जन्मभर घ्यावी लागतात. राखणदार झोपला की पिकात गुरे शिरतात, तशी ही गत. शिवाय त्याला खोकल्याची उबळही नीट येत नाही. म्हणून फ्लू, कोरोना किंवा आपली साधी सर्दीसुद्धा त्याच्या छातीत उतरून जिवघेणा न्यूमोनिया होऊ शकतो.

ताप येईलच असे नाही. दम लागला, खोकला वाढला, तर त्याच दिवशी त्याच्या डॉक्टरांना कळवा. औषधे आपल्या मनाने बंद करू नका. घरातल्यांनी दरवर्षी फ्लूची लस घ्यावी. सर्दी झालेल्याने नाकतोंड झाकावे, वेगळे निजावे. आणि शिंकणाऱ्या पाहुण्याला दारातूनच रामराम करावा. त्यात अपमान नाही, माया आहे.