कॉम्प्युटर विकत नको, तासावर घ्या

पिंपरी पेंढारसारख्या गावातला मुलगा कॉम्प्युटरचे शिक्षण घेऊ लागला की वडिलांपुढे पहिला प्रश्न भांडवलाचा येतो. मुलगा म्हणतो, 'कुबरनेटीज' शिकायचे आहे, त्यासाठी जास्त मेमरीचा नवा कॉम्प्युटर हवा. बाप दुकानदार असो की कारागीर, ती रक्कम काढायची तर दुकानात माल कमी भरावा लागतो. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी हा हुनर काय आहे आणि तो भाड्याच्या यंत्रावर कसा शिकता येतो, हे व्यापारी बांधवांनी समजून घेतले पाहिजे.

न्हावाशेवा बंदर १९८९ साली सुरू झाले. तेथे कापड असो वा कांदा, माल ठराविक मापाच्या कंटेनरमध्ये बंद होतो. मग ट्रक, रेल्वे किंवा जहाज, कशावरही तीच पेटी चढते. कॉम्प्युटरमध्येही प्रोग्राम आणि त्याला लागणारे सगळे सामान एका पेटीत बंद करतात. तिलाही कंटेनरच म्हणतात. २०१३ साली आलेल्या 'डॉकर'मुळे ही पद्धत सर्वत्र पसरली.

पेट्या शेकडो झाल्या की त्यांच्यावर मुकादम लागतो. भिवंडी-मालेगावच्या कारखान्यात मालक एकदाच सांगतो, 'दहा माग चालू हवेत.' एक बंद पडला तर मुकादम शेजारचा रिकामा माग सुरू करतो, मालकाची वाट पाहत नाही. कुबरनेटीज हा असाच मुकादम आहे. 'या प्रोग्रामच्या तीन पेट्या चालू हव्यात' एवढे लिहून दिले की एक पडताच तो दुसरी उभी करतो. गूगलने २०१४ मध्ये तो सर्वांसाठी खुला केला. या ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा असा आहे.

हे शिकायला यंत्र घरातच हवे असे नाही. 'क्लाउड' म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतले यंत्र इंटरनेटवरून भाड्याने वापरणे. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात आणि अॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत अशी केंद्रे सुरू केली. शिकणाऱ्यासाठी मात्र 'गिटहब कोडस्पेसेस' ही सोय सोपी पडते. २०२२ च्या नोव्हेंबरपासून तिथे साध्या खात्याला दोन कोअरचे यंत्र महिन्याला ६० तास विनामूल्य मिळू लागले. रोज दोन तासांचा सराव त्यात बसतो.

कृती अशी. गिटहबवर खाते उघडावे आणि एक नवी वही, म्हणजे रिपॉझिटरी, तयार करावी. त्यात 'डेव्हकंटेनर' नावाच्या फाइलमध्ये कोणती हत्यारे हवीत ते लिहावे: डॉकर, कुबरनेटीजला हुकूम देणारे 'क्युबसीटीएल' आणि सरावाचे छोटे क्लस्टर उभारणारे 'काइंड'. मग ब्राउझरमधूनच कोडस्पेस उघडावी. लिहिलेली हत्यारे तिथे आपोआप बसतात. काइंडला एक हुकूम दिला की क्लस्टर तयार होते. मुलाच्या हातात जुना कॉम्प्युटर असला तरी चालतो, कारण जड काम पलीकडचे यंत्र करते. मोठ्या फाइली तिथेच उतरतात, म्हणून मोबाइलच्या इंटरनेटवरही भागते. गावात वीज गेली तरी लिहिलेले काम तिकडे शाबूत राहते. तरीही रोजचे काम रिपॉझिटरीत जमा करूनच उठावे.

आता मीटरची गोष्ट. काम झाले की कोडस्पेस बंद करावी. विसरल्यास ती साधारण अर्ध्या तासाने आपोआप थांबते, पण थांबलेली कोडस्पेसही साठवणुकीची जागा अडवते. म्हणून नको असलेली पुसून टाकावी. हत्यारांची यादी फाइलमध्ये असल्याने नवी उभारायला वेळ लागत नाही. बँकेचे कार्ड जोडू नये. कार्ड नसेल तर विनामूल्य वाटा संपल्यावर काम पुढच्या महिन्यापर्यंत थांबते, बिल येत नाही.

मोठ्या क्लाउडवर हिशेब निराळा असतो. अॅमेझॉनच्या कुबरनेटीज सेवेत केवळ मुकादमाचे भाडे ताशी १० सेंट आहे. ३० दिवस चालू राहिले तर ७२ डॉलर होतात, मग एकही पेटी चालवलेली नसो. यंत्रांचे भाडे वेगळे. वडिलांचे कार्ड जोडून मुलगा क्लस्टर बंद करायला विसरला, तर रिकाम्या दुकानाचे भाडे भरावे तशी गत होते.

म्हणून पहिले तीन महिने विनामूल्य तासांवरच काढावेत. त्यानंतर बापाने मुलाला समोर बसवून दोनच गोष्टी दाखवायला सांगाव्यात: सगळे पुसून पुन्हा उभे कर, आणि तीनपैकी एक पेटी मुद्दाम पाडून चौथी कशी येते ते दाखव. हे पाहायला इंग्रजी यावे लागत नाही. मुलाने दोन्ही करून दाखवले, तर नव्या कॉम्प्युटरचा विचार करायला हरकत नाही.