ऑक्सिजन सेन्सर बदलण्याआधी तपासून घ्या

आम्ही कापडवाले. एरंडोल, पारोळा करीत आमची गाडी जळगावहून गठ्ठे घेऊन नेहमी धुळ्याला जाते. मागे एकदा तिचे ॲव्हरेज घटले व इंजिनाचा पिवळा दिवा लागला. एका गॅरेजवर स्कॅनर लावला, तेव्हा पी ०१७१ हा कोड आला. सेन्सर बदलला, पैसे मोजले. चौथ्या दिवशी दिवा पुन्हा हजर! धुळ्याच्या एका बुजुर्ग मिस्त्रींनी पाहिले, तर इंजिन आणि सायलेन्सर पाइपच्या जोडावरचे गॅस्केट फुटलेले. बिचारा सेन्सर खरे तेच सांगत होता.

हा सेन्सर धुराच्या पाइपात बसतो व जळून उरलेला ऑक्सिजन मोजतो. त्यावरून गाडीचा संगणक पेट्रोल कमी-जास्त करतो. पाइप फुटून बाहेरची हवा आत आली की संगणकाला वाटते, पेट्रोल कमी पडते आहे; तो उगाच जास्त सोडतो. पी ०१७१ चा अर्थ 'मिश्रणात हवा जास्त' एवढाच आहे, 'सेन्सर खराब' असा नाही. ताग्यावर डाग दिसला तर आपण आधी गोदामाचे छप्पर पाहतो, तसेच हे.

तपासणीचा क्रम असा ठेवावा :

१) कोड लिहून घ्या, लगेच पुसू नका. फ्यूज, वायर व कनेक्टर पाहा. उंदीर वायर कुरतडतात.

२) सेन्सरपर्यंतच्या पाइपाच्या जोडांवर काजळी आहे का, थंड इंजिन चालू करताना टिकटिक आवाज येतो का, ते पाहा.

३) सेन्सर सुमारे ३०० अंशांच्या पुढे तापल्यावरच काम करतो, म्हणून त्यात हीटर असतो. पी ०१३५ हा हीटरच्या सर्किटचा कोड. इंजिन थंड व बंद असताना कनेक्टर काढून हीटरच्या दोन वायरींवर मल्टिमीटर लावा. साधारणतः काही ओहम दाखवले पाहिजेत. काहीच न दाखवल्यास हीटर तुटला.

४) इंजिन गरम झाल्यावर पुढच्या सेन्सरचे व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सारखे वरखाली व्हायला हवे. व्हॅक्यूमची नळी क्षणभर काढली तर ते उतरते, ॲक्सिलरेटर झटक्याने दाबला तर चढते. असे झाले तर सेन्सर जिवंत आहे, दोष दुसरीकडे शोधा. एकाच आकड्यावर अडकला तरच त्याच्यावर संशय घ्या. पाच-सहा वायरींच्या नव्या सेन्सरला मात्र हे आकडे लागू नाहीत.

बदलावाच लागला, तर इंजिन किंचित कोमट असताना पाना लावा. टोकाला तेल, ग्रीस लागू देऊ नका. सिलिकॉनचा साधा सीलंट इंजिनात वापरू नका, त्याने सेन्सर मरतो. खराब सेन्सर तसाच ठेवणेही परवडत नाही. जादा पेट्रोलने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो, आणि त्याची किंमत सेन्सरच्या कितीतरी पट असते.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि बहुतेक मोटारसायकलींतही हा सेन्सर आला. म्हणजे आमच्या मिस्त्री बांधवांचे काम वाढले, जबाबदारीही वाढली. गिऱ्हाइकाची गाडी ही अमानत आहे. काय तपासले ते बिलावर लिहा, जुना भाग परत द्या. आणि आम्हा गाडीवाल्यांनीही तपासणीची मजुरी आनंदाने द्यावी. आम्ही ती वाचवायला गेलो आणि एका सेन्सरचे पैसे घालवून बसलो.