सायनस असताना पोहायचं की नाही?

आमच्या किल्लारीकडं उन्हाळा लागला की दोन सल्ले एकमेकांना आडवे येतात. गुडघे दुखतात, वजन वाढलंय, शुगर निघाली म्हणून दवाखान्यात गेलं की डॉक्टर सांगतात, "पोहायला जात जा, गुडघ्यावर भार येत नाही." घरी येऊन हे सांगितलं की आई नाहीतर काकू म्हणते, "तुला सायनस हाय, पाण्यात उतरू नको, डोकं धरंल." आणि मग माणूस दोन्हीच्या मधे अडकतो. पोहणंही होत नाही, चालणंही होत नाही.

गंमत म्हणजे दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पोहणं हा चांगला व्यायाम आहे आणि सायनसवाल्याला पाण्याचा त्रासही होऊ शकतो. पण हा त्रास 'पाण्याचा' म्हणून सोडून दिला तर काहीच कळत नाही. कुठलं पाणी, ते नाकात किती गेलं आणि तुम्ही किती खोल गेलात, असे तीन वेगळे प्रश्न करून बघितलं की बराच गुंता सुटतो. आज तेच करू.

एक खुलासा आधीच. मी सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. करतोय. ती झाली की नावाआधी 'डॉ.' लागेल, पण औषध लिहून द्यायचा अधिकार काही येणार नाही. तुमच्या नाकात नेमकं काय झालंय हे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनीच सांगायचं. मी फक्त आत काय घडतं ते सांगतो.

'सायनस आहे' म्हणजे काय?

तसं बघितलं तर सायनस प्रत्येकाला असतात. कपाळाच्या आत, गालाच्या हाडात, दोन डोळ्यांच्या मधे आणि त्यामागं खोल, अशा हवेनं भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या. या पोकळ्या बारीक वाटांनी नाकात उघडतात. आतल्या अस्तरावर पातळ शेंबडाचा थर असतो आणि त्याखाली सूक्ष्म केसांसारखे तंतू. हे तंतू सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतात आणि धूळ, जंतू अडकलेला तो थर घशाकडं ढकलत नेतात. शेतातून पाणी पाटानं पुढं सरकावं तसं हे काम दिवसरात्र चालू असतं.

यात एक अडचण आहे. गालातल्या पोकळीची वाट तळाला नाही, वरच्या बाजूला आहे. म्हणजे तिथला शेंबूड तंतूंना उलट वर चढवावा लागतो. सर्दीनं, अॅलर्जीनं किंवा नाकाच्या वाकड्या पडद्यानं ती वाट सुजून बंद झाली की आतला माल आतच साचतो, जड वाटतं, दुखतं. ही सूज आणि तिची लक्षणं १२ आठवड्यांपेक्षा जास्त टिकली की डॉक्टर तिला जुनाट सायनुसायटिस म्हणतात.

पण कपाळ दुखलं की सायनस, असंही नसतं. २००४ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 'सायनसची डोकेदुखी' आहे असं मानणाऱ्या सुमारे ३००० लोकांना तपासलं, तर ८८ टक्के लोकांची लक्षणं मायग्रेनच्या प्रकारात बसत होती. तेव्हा नाक वाहत नाही, चोंदत नाही, वास नीट येतो आणि तरी डोकं धरतंय, तर पोहणं सोडण्याआधी एकदा तपासून घ्या. कदाचित दोष उन्हाचा असेल, पाण्याचा नसेल.

नाकात पाणी गेलं की झोंबतं का?

अश्रू नाकात उतरतात तेव्हा झोंबत नाही, विहिरीचं पाणी मात्र मेंदूपर्यंत झिणझिण्या आणतं. याचं कारण मीठ. आपल्या शरीरातल्या द्रवात लिटरला साधारण ९ ग्रॅम मिठाइतका खारटपणा असतो. बाहेरचं पाणी त्याहून कमी खारट असलं की ते अस्तराच्या पेशींत शिरतं, पेशी फुगतात, नसा ओरडतात आणि अस्तर सुजतं.

आता आपल्याकडची मंडळी म्हणतील, आमच्या बोअरचं पाणी काय कमी खारट आहे का! काळ्या खडकातलं आपलं पाणी जड असतंच. पण हिशोब करा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकानं विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम ठरवलीय, दुसरी सोयच नसेल तर २०००. शरीराचा आकडा आहे ९०००. म्हणजे तोंडाला मचूळ लागणारं पाणीसुद्धा नाकाच्या दृष्टीनं जवळजवळ गोडंच. ज्याचं अस्तर आधीच सुजलेलं आहे, त्याची अरुंद वाट या थोड्याशा सुजेनंही बंद होऊ शकते.

तळातलं नाणं आणि गालाचं हाड

विहिरीत पोहणाऱ्यांची जुनी पैज म्हणजे काठावरून सूर मारायचा आणि तळातलं नाणं घेऊन वर यायचं. निरोगी नाकाला हे जमून जातं. चोंदलेल्या नाकाला का जमत नाही, ते बघा.

पाण्यात दर १० मीटरला दाब एका वातावरणानं वाढतो. ५ मीटर खाली गेलात की दाब दीडपट होतो आणि बंद हवा दोन-तृतीयांश जागेत दबते. मोठ्या माणसाच्या गालातल्या एका पोकळीत साधारण १५ मिलिलिटर हवा मावते. ५ मीटरवर ती १० मिलिलिटर व्हायला बघते. पण हाड काही आत दबत नाही. उरलेली ५ मिलिलिटरची, म्हणजे चहाच्या चमच्याएवढी जागा भरायला नाकातून हवा आत यायला हवी. वाट उघडी असेल तर ती क्षणात येते. वाट बंद असेल तर आतलं अस्तर ओढलं जातं, सुजतं, कधी रक्त येतं. गालात किंवा कपाळात सुरी खुपसल्यासारखी कळ येते ती हीच.

याउलट पाण्याच्या वरवर पोहताना डोकं फार तर २०-३० सेंटिमीटर खाली जातं. दाबातला फरक दोन-तीन टक्के. त्यानं सायनसला काही होत नाही. म्हणजे खोली टाळली की अर्धं भांडण तिथंच मिटतं.

स्विमिंग टँकचा 'तो' वास

लातूर-नांदेडला टँकवर जाणारे म्हणतात, "क्लोरीनचा लई वास येतो, नाक गळायला लागतं." तो वास बहुतेक वेळा नुसत्या क्लोरीनचा नसतो. घाम, लघवी, अंगावरचं तेल यांतल्या नायट्रोजनशी क्लोरीनचा संयोग होतो आणि क्लोरामाइन नावाची संयुगं तयार होतात. त्यातलं ट्रायक्लोरामाइन हवेत उडतं आणि डोळे, नाक, घसा चुरचुरतं. वास जितका उग्र तितका टँक स्वच्छ, असं नाही. उलट पाण्यात माणसांची घाण जास्त झालीय असा त्याचा अर्थ निघतो. छप्पर असलेल्या टँकमध्ये हा वायू कोंडून राहतो, उघड्या टँकमध्ये वाऱ्यानं जातो.

यात आपल्या भागाची एक खास गोष्ट आहे. २५ मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल टँक भरायला साडेचार लाख लिटर पाणी लागतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तिच्यात सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. तहानलेल्या शहराला रेल्वेनं आलेलं पाणी म्हणजे जेमतेम एक टँक. तेव्हा आपल्याकडं टँकचं पाणी वरचेवर बदला असं कुणाला सांगायची सोय नाही. तेच पाणी गाळून पुन्हा वापरलं जाणार. म्हणून उतरण्याआधी साबण लावून अंघोळ करणं हा पाटीवरचा कोरडा नियम समजू नका. शंभर जणांनी तो पाळला तर शंभर नाकं वाचतात.

स्पर्धेसाठी रोज तासन्‌तास पोहणाऱ्यांमध्ये नाक गळण्याचा-चोंदण्याचा त्रास जास्त दिसतो आणि नाकाला क्लिप लावल्यावर तो कमी झाल्याचंही इटलीतल्या अभ्यासात आढळलंय. आठवड्यातून तीनदा अर्धा तास पोहणाऱ्याचा संपर्क त्यापेक्षा कितीतरी कमी असतो.

विहीर, शेततळं आणि अमिबा

आता माझ्या विषयातली गोष्ट. कोमट, साचलेल्या गोड्या पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमिबा राहू शकतो. त्याला ४६ अंशांपर्यंतचं तापमान चालतं. तो पाण्यासोबत पोटात गेला तर काही करत नाही. नाकात वर चढला तर मात्र वासाच्या नसेवाटे मेंदूत पोचतो. आजार अतिशय दुर्मिळ आहे, पण झाला तर शंभरातले ९७ हून जास्त रुग्ण दगावतात. २०२४ आणि २०२५ मध्ये केरळात अमिबामुळं होणाऱ्या मेंदूज्वराचे रुग्ण सापडले आणि तिथं विहिरींत क्लोरीन टाकण्याची मोहीम घ्यावी लागली.

हे वाचून विहिरीकडं भीतीनं बघायची गरज नाही. मात्र मे महिन्यात तळ गाठलेली, हिरवी पडलेली विहीर किंवा तापलेलं शेततळं यात सूर मारणं टाळा. शेततळ्याबाबत तर अमिबापेक्षा मोठा धोका त्याच्या प्लास्टिकचा आहे. ते इतकं निसरडं असतं की चांगला पोहणारासुद्धा बाहेर येऊ शकत नाही. तिथं व्यायामाला उतरूच नका.

आणि एक महत्त्वाचं. सायनससाठी बरेच जण जलनेती करतात. २०११ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात दोन जण याच अमिबानं गेले. ते पोहायला गेले नव्हते, नळाच्या पाण्यानं नाक धूत होते. आपल्याकडं लोक म्हणतात, "आमचं जारचं पाणी आरओचं आहे." आरओनं क्षार कमी होतात, पण जार, तोटी, टाकी यांतून आलेलं ते पाणी निर्जंतुक असतं असं नाही. नेतीचं पाणी चांगली उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळा, झाकून कोमट होऊ द्या. अर्धा लिटरला चहाचा सपाट पाऊण चमचा मीठ घाला. भांडंही धुऊन वाळवलेलं पाहिजे.

मग करायचं काय?

वरच्या सगळ्याचं सार दोन ओळींत बसतं. नाकात पाणी जाऊ द्यायचं नाही आणि खोल जायचं नाही. झोंबणं, क्लोरीन, अमिबा, दाब, चारही गोष्टी यातच आल्या.

– गुडघ्यांसाठी जात असाल तर पोहता आलंच पाहिजे असं नाही. छातीइतक्या पाण्यात उभं राहिलं की अंगाचा भार साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतो. तिथं वीस-पंचवीस मिनिटं नुसतं चाललं तरी व्यायाम होतो आणि नाक कोरडं राहतं. विहिरीला उथळ कडा नसते, त्यामुळं हे टँकमध्येच जमेल.
– पोहायचं असेल तर बेडकासारखे हातपाय मारत, डोकं वर ठेवून सुरुवात करा. तोंडानं श्वास घ्या आणि चेहरा पाण्यात असताना नाकानं हळूहळू सोडत राहा. बाहेर जाणारी हवा पाण्याला आत येऊ देत नाही.
– उताणं पोहताना नाकपुड्या वर येतात आणि पाणी सरळ आत जातं. ते शेवटी शिका, किंवा क्लिप लावा. क्लिप स्वस्त असते, लाजू नका.
– उभी उडी आणि सूर दोन्ही बंद. शिडीनं उतरा.
– बाहेर आल्यावर पुढं वाकून एकेक नाकपुडी हलक्या हातानं साफ करा. दोन्ही दाबून जोरात शिंकरलं तर घाण उलट आत ढकलली जाते.
– पोहताना नाक मोकळं वाटलं म्हणून सायनस बरा झाला असं समजू नका. कुठल्याही व्यायामात नाकातल्या रक्तवाहिन्या आकसतात, थोड्या वेळानं नाक पुन्हा पहिल्यासारखं होतं.
– नाक मोकळं करणारे थेंब रोज टाकून पोहायला जाऊ नका. तीन ते पाच दिवसांपुढं वापरले तर त्यांच्यामुळंच नाक चोंदायला लागतं.

पहिले दोन आठवडे एका वहीत लिहा. कुठं पोहलात, किती वेळ, डोकं बुडवलं का, संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी नाक कसं होतं. टँकला त्रास आणि विहिरीला नाही, किंवा चालताना नाही आणि डोकं बुडवल्यावर होतो, हे असं कळतं. डॉक्टरांनाही ही वही औषधाच्या जुन्या चिठ्ठ्यांइतकीच उपयोगी पडते.

कधी उतरायचं नाही

ताप असताना, पिवळा-हिरवा घट्ट शेंबूड आणि गाल-दात ठणकत असताना, किंवा नाकाचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर हो म्हणेपर्यंत पाण्यात जाऊ नका. शुगर असलेल्यांनी एक जास्त लक्षात ठेवा. चेहऱ्याची एकच बाजू सुजली, बधिर झाली, नाकातून काळपट यायला लागलं किंवा दोन-दोन दिसायला लागलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. २०२१ मध्ये कोरोनानंतर काळ्या बुरशीनं जे रुग्ण गेले, त्यांच्यात शुगरवाले खूप होते आणि सुरुवात बऱ्याचदा सायनसपासूनच झाली होती. तसंच पोहून आल्यावर काही दिवसांत जोराचा ताप, असह्य डोकेदुखी, उलट्या आणि मान आखडणं असं झालं, तर डॉक्टरांना "मी अमुक ठिकाणी पोहलो होतो" हे आपणहून सांगा. ते विचारतील याची वाट बघू नका.

हे सोडलं तर सायनस हे पोहणं सोडायचं कारण नाही. गुडघे आणि शुगर तुमच्या नाकासाठी थांबणार नाहीत. डॉक्टरांचं ऐका, पाण्यात उतरा. काकूंचं ऐका, नाक पाण्याबाहेर ठेवा.