पॉवर तिघींची 280, मग वळणावर फरक का पडतो?

मागच्या भागात मी 'सुप्रा म्हणजे सगळ्यात भारी' असं ठोकून दिलं आणि तुम्ही मेसेजमध्ये माझी चांगलीच हजेरी घेतलीत. बरोबरच होतं तुमचं. मी फक्त पॉवर बघत होतो. म्हणून आजचा विषय: नव्वदच्या दशकातल्या जपानी टर्बो स्पोर्ट्स कार वळणावर कशा वागतात?

आधी माझी फजिती सांगतो. गेल्या जुलैमध्ये ताम्हिणी घाटात, भर पावसात, एका वळणावर माझ्या छोट्या टर्बो हॅचबॅकचा वेग जरा जास्त झाला. घाबरून मी अॅक्सिलरेटरवरून पाय झटकन काढला. गाडी सावरायच्या ऐवजी मागून सरकली आणि कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. समोरून एसटी येत नव्हती, हे नशीब.

झालं काय? एसटीच्या ड्रायव्हरने ब्रेक मारला की उभे प्रवासी पुढे झुकतात ना, तसंच पाय काढल्यावर गाडीचं वजन पुढच्या चाकांवर जातं. मागच्या टायरवरचा दाब कमी होतो आणि त्यांची पकडही कमी होते. म्हणजे पहिला प्रश्न, वजन कुठे आहे?

दुसरा प्रश्न, ताकद कधी येते? टर्बो फिरतो एक्झॉस्टच्या गॅसवर. त्यामुळे पाय दाबला आणि बूस्ट आलं, यात थोडा वेळ जातो. आमच्या आयटीवाल्यांच्या भाषेत लेटन्सी. वळणाच्या मधोमध पाय दाबलात आणि ताकद उशिरा, एकदम आली, तर मागची चाकं घसरू शकतात.

आता गाड्या बघू.

1991 ची माझदा आरएक्स-7, म्हणजे एफडी. तिचं रोटरी इंजिन फक्त 1.3 लिटरचं, छोटं आणि हलकं. ते पुढच्या अॅक्सलच्या मागे बसवलंय. त्यामुळे वजन पुढे-मागे जवळजवळ 50:50, एकदम तोललेल्या कावडीसारखं. स्टिअरिंग वळवलं की नाक लगेच वळतं. पण दोन टर्बो आळीपाळीने काम करतात, आणि साधारण 4,500 आरपीएमला दुसरा जागा झाला की मागून धक्का येतो. तो वळणात आला तर हात तयार हवेत.

1993 ची टोयोटा सुप्रा, ए80. तिचं तीन लिटरचं टूजेझेड इंजिन लोखंडी ब्लॉकचं, सहा सिलिंडर एका रांगेत. दणकट, पण जड. गाडी साधारण दीड टनाची, एफडीपेक्षा दोनेकशे किलो जास्त. हायवेवर राणी, पण एकापाठोपाठ एक वळणं आली की ते वजन जाणवतं.

1989 ची निसान स्कायलाइन जीटी-आर, आर32. तिच्याही नाकावर सहा सिलिंडरचा भार, म्हणून वेगात वळणात शिरलात तर नाक बाहेर जायला बघतं. पण तिची करामत वेगळी आहे. एरवी ताकद मागच्या चाकांना जाते, आणि ती घसरायला लागली की अटेसा सिस्टिम निम्म्यापर्यंत ताकद पुढे पाठवते. त्यामुळे वळणातून बाहेर पडताना ही गाडी खेचून नेते.

मित्सुबिशी लान्सर इव्होने 1996 मध्ये, इव्हो फोरमध्ये, आणखी एक युक्ती केली. मागच्या डाव्या आणि उजव्या चाकात ताकद कमी-जास्त वाटून गाडीच वळणाकडे ढकलायची.

आणि शेवटी टोयोटा एमआर2 टर्बो. इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे, त्यामुळे निम्म्याहून जास्त वजन मागे. पिशवी छातीशी धरून गिरकी घ्या आणि मग हात लांब करून घ्या, फरक कळेल. वजन मध्याजवळ असलं की गाडी झटकन वळते. पण वळणात पाय काढलात तर तोच जड मागचा भाग लंबकासारखा बाहेर झेपावतो, आणि सावरायला वेळच देत नाही. टोयोटाने पुढे तिचं सस्पेन्शन आणि टायर बदलले, ते उगाच नाही.

गंमत म्हणजे सुप्रा, जीटी-आर आणि इव्हो फोर, तिघींची पॉवर कागदावर 280 पीएसच. जपानी कंपन्यांनी आपापसांत तसं ठरवलं होतं, 2004 पर्यंत. आकडा एकच, स्वभाव तीन!

जपानीत डोंगरातल्या खिंडीच्या रस्त्याला 'तोगे' म्हणतात, म्हणजे आपला घाटच. तिथे काय किंवा इथे काय, टायरची पकड मर्यादितच असते. ताम्हिणीनंतर मी तीन गोष्टी पाळतो. वेग वळणाआधी, गाडी सरळ असतानाच कमी करायचा. वळणात पाय स्थिर ठेवायचा, झटकन काढायचा नाही. आणि समोरचा रस्ता सरळ दिसेपर्यंत टर्बोला जागं करायचं नाही.

या पाचातली एकच घरी न्यायची, तर मी आता एफडी नेईन. तुम्ही कोणती, आणि का? व्हॉइस नोट पाठवा. पण गाडी थांबवून, बरं का!